सरकता रमजान, जागेवरची झाडे

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास शिळफाट्यावर उभे राहून पाहावे. मुंब्र्याकडून येणारे कंटेनर, महापेकडून कामावरून परतणाऱ्यांच्या बसगाड्या, कल्याण-डोंबिवलीकडे निघालेल्या दुचाकी, तळोजा-पनवेलच्या दिशेने जाणारे टेम्पो, सगळे एकमेकांत अडकलेले असतात. त्या गर्दीच्या कडेला फळांच्या हातगाड्यांवर मात्र वेगळीच घाई चाललेली असते. कलिंगडाच्या फोडी, पपई, केळी, खजुराची पाकिटे. मगरीबच्या अजानला पाच-दहा मिनिटे उरलेली असतात आणि रोजेदाराला इफ्तारपूर्वी घर गाठायचे असते. त्याच गाडीवर कोणाची संकष्टी असते, कोणाचा गुरुवार. कोणाचा उपवास कोणता आहे, हे फळवाला विचारत नाही. तो फक्त वजन करतो.

हे फळ येते बाजारातून. वाशीची मोठी बाजारपेठ इथून जवळच आहे. पण फाट्यावरचे भोंगे जिथवर ऐकू येतात, त्याच टापूत शीळ, डायघर, खिडकाळी, देसई अशी गावे आहेत. भातशेती गेली, गोदामे आली, पाठोपाठ टॉवर आले. तरीही काही घरांमागे दोन-चार गुंठे जमीन शिल्लक असते आणि तिथे आंबा, चिकू, पेरू, फणस उभे असतात. ज्याच्याकडे असे परस आहे, त्याच्या घरी रमजानच्या आधी एक जुना प्रश्न दरवर्षी नव्याने विचारला जातो : यंदा इफ्तारला घरचे काय असेल?

प्रश्न नवा होतो, कारण रमजान सरकत असतो.

चंद्राचे वर्ष, झाडाचे वर्ष

चांद्रवर्ष ३५४-३५५ दिवसांचे असते, सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी कमी. हिंदू पंचांगातले महिनेही चंद्राचेच, पण तिथे साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून हिशेब जुळवतात. म्हणून गुढीपाडवा वसंतातच येतो आणि दिवाळी पावसाळ्यानंतरच. यंदाचा अधिक ज्येष्ठ मे-जूनमध्ये येतो आहे. इस्लामी दिनदर्शिकेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून पूर्वीच्या जागी पोहोचतो.

याचा अर्थ परसातल्या माणसाला चांगला कळतो. २०१८ मध्ये रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला, ऐन हापूसच्या हंगामात. त्या वर्षी दस्तरखानावर आंबा होता, जांभूळ होते, करवंदे होती, फणसाचे गरे होते. यंदा, २०२६ मध्ये, पहिला रोजा १९ फेब्रुवारीचा. महाशिवरात्र त्याआधी चार दिवस झाली आणि गुढीपाडवा शेवटच्या रोज्यांमध्ये आहे. आंबा अजून झाडावर कैरीच्या रूपात आहे. २०३० हे वर्ष तर असे असेल, की एकाच इंग्रजी वर्षात जानेवारीत एक रमजान सुरू होईल आणि डिसेंबरअखेर दुसरा. तेव्हा बोरे आणि पेरू असतील, आंब्याला नुकता मोहर आलेला असेल.

झाड जागचे हलत नाही, त्याचा हंगामही फारसा हलत नाही. महिना मात्र त्याच्यासमोरून सरकत जातो. एकाच जातीची बाग असेल, तर ३३ वर्षांतून मोजक्याच रमजानांत तिचे फळ इफ्तारला मिळेल. घरच्या बागेत अनेक फळे आणि एकेका फळाच्या अनेक जाती का हव्यात, याचे इतके सोपे उत्तर दुसरे नसेल.

यंदाच्या थाळीत काय?

फेब्रुवारी-मार्चचा राजा म्हणजे चिकू. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथली मुख्य जात कालीपत्ती : गडद हिरवी पाने, अंडाकृती फळ, बिया कमी, गर मऊ आणि गोड. शिळफाट्याच्या हवेतही ती चांगली रुजते. तिच्या शेजारी 'क्रिकेट बॉल' लावली तर फळ मोठे आणि गोल मिळते. पण गर थोडा रवाळ आणि गोडी उणी. दोन्ही फळे एका थाळीत कापून ठेवली, की फरक लहान मुलालाही कळतो. गंमत म्हणजे चिकूचे कलम बहुतेक वेळा खिरणीच्या खुंटावर बांधलेले असते. मुळे खिरणीची आणि फळ चिकूचे, असा हा संसार वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो.

पपई तर वर्षभराची सोबतीण. बी लावल्यापासून नऊ-दहा महिन्यांत फळ हातात येते. म्हणून रमजान कुठल्याही ऋतूत आला, तरी तिच्यासाठी उलटी गणना करून लागवड करता येते. जुन्या जातींत नर झाडे निघायची आणि जागा फुकट जायची, म्हणून एका खड्ड्यात तीन रोपे लावायची पद्धत होती. तैवानच्या 'रेड लेडी ७८६' या संकरित जातीत प्रत्येक झाडाला फळ धरते. बियाण्याच्या पाकिटावरचा हा ७८६ आकडा पाहून अनेक मुस्लिम घरांत हसू फुटते. आकडा बियाणेवाल्यांचा आहे, बरकतही त्यांचीच. पण झाड चांगले लागते, हे खरे.

पेरूचा हंगाम आता संपत आला आहे. घरच्या बागेत सर्वाधिक दिसणारी जात सरदार, म्हणजेच एल-४९. यातला 'एल' म्हणजे लखनौ. लखनौच्या पेरूच्या रोपांतून पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात डॉ. चीमा यांनी ती निवडली. लखनौचे बी आणि पुण्याची निवड, असा हा पेरू ठाणे जिल्ह्यात काळ्या मिठासोबत फ्रूट चाटमध्ये जातो.

केळीच्या जाती तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात अशा वेगळ्या : नाजूक सालीची वेलची, लाल सालीचे केळे, लांबट राजेळी. वसईकडे राजेळी वाळवून सुकेळी करतात. पहाटे सहेरीला दोन सुकेळी खाल्ली, तर दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो. याशिवाय कुंपणाला तुती असेल तर ती याच दिवसांत पिकते. आणि मार्च उजाडताच कैऱ्या गळू लागतात. त्या वाया जात नाहीत, त्यांचे पन्हे होते. महाशिवरात्रीला शेजाऱ्यांनी आणलेल्या कवठांतले एखादे उरलेले असेल, तर गूळ घालून त्याची चटणीही इफ्तारच्या भज्यांसोबत जाते.

न चाखता ओळखणे

रमजानमध्ये बागेची एक वेगळीच परीक्षा असते. एरवी बागेत फिरणारा माणूस चालता चालता फळ तोडतो, चावा घेतो आणि झाड तयार झाले की नाही ते ठरवतो. रोज्यात जीभ दिवसभर बाजूला ठेवावी लागते. मग उरतात डोळे, नाक, बोटे आणि कान.

चिकूवर नखाने हलकेच ओरखडा काढावा. आत हिरवे दिसले तर थांबावे. पिवळसर दिसले आणि चीक आला नाही, तर तोडावे. सालीवरचा तपकिरी कोंडा हात फिरवताच झडला पाहिजे. पपईच्या हिरव्या सालीवर पिवळी रेघ उमटली, की दोन-तीन दिवसांत ती घरात पिकते. फणसावर थाप मारल्यावर आवाज पोकळ आला आणि काटे पसरट झाले, की तो तयार. आंब्याच्या देठाजवळ खळगा पडला आणि खांदे भरून वर आले, की तो उतरवण्याजोगा. ज्यांनी आयुष्यभर बागा केल्या, त्यांना हे सगळे ठाऊक असते. पण इतरांना ते शिकवायला रोज्याइतका चांगला महिना नाही, कारण चावा घेऊन उत्तर पाहण्याची सोयच नसते.

चाखण्याचीही एक रीत आहे. इफ्तार खजुराने सोडायची, हा रिवाज. पण खजुरावर लगेच चिकू किंवा पेरू खाल्ला, तर तो बेचव लागतो, कारण खजुराची गोडी जिभेवर बसलेली असते. म्हणून खजूर, पाणी, मग मगरीबची नमाज आणि त्यानंतर फळ. एका दिवशी एकाच फळाच्या दोन जाती. आधी कमी गोड, मग जास्त गोड. चवीची तुलना तेव्हाच खरी होते. घरातले एखादे पोर वहीत लिहून ठेवील : कोणत्या झाडाचे, कोणत्या तारखेला उतरवले, किती दिवसांत पिकले, कसे लागले. चार वर्षांनी ही वही रोपवाटिकेच्या कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी ठरते, कारण ती त्याच मातीतली असते.

एका गुंठ्याचे गणित

घरामागे जागा थोडी, मग जाती किती लावायच्या? हापूसची पारंपरिक लागवड दहा बाय दहा मीटरवर करतात. म्हणजे एका झाडाला शंभर चौरस मीटर, जवळजवळ अख्खा गुंठा. शिळफाट्याला गुंठ्याचा भाव काय आहे, हे वाचकांना सांगायला नको. एक गुंठा एका हापूसला देणे आता फार थोड्यांना परवडते. शिवाय हापूस लहरी. एक वर्ष भरभरून, पुढचे वर्ष रिकामे. आणि बाहेरून देखणे फळ कापावे, तर आत साका.

आम्रपाली ही दशेरी आणि नीलम यांचा संकर. ठेंगणी, दरवर्षी धरणारी. ती अडीच बाय अडीच मीटरवर लावता येते. म्हणजे ज्या जागेत एक हापूस, तिथे सोळा आम्रपाली. मात्र तिचे फळ उशिरा तयार होते. कोकणात तोवर पाऊस गाठतो आणि फळमाशी लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये आणलेली रत्ना ही नीलम आणि हापूसचा संकर. तिच्यात साका होत नाही. पुढे १९९२ मध्ये रत्ना आणि हापूसच्या संकरातून सिंधू आली. तिची कोय इतकी पातळ, की पहिल्यांदा खाणारा चकित होतो. हापूसची ओढ सुटत नसेल, तर तेही योग्यच आहे. २०१८ मध्ये हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघरसोबत ठाणे जिल्हाही आहे. आणि जांभळासाठी तर लांब जायलाच नको. बदलापूर आणि पालघरमधले बहाडोली, दोन्हीकडच्या जांभळांना २०२३ मध्ये मानांकन मिळाले.

जागा अगदीच नसेल, तर एकाच झाडावर अनेक जातींची कलमे करता येतात. या कलेचे सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे उत्तर प्रदेशातील मलिहाबादचे हाजी कलीमुल्लाह खान. सातवीत शाळा सुटलेल्या या बागवानाने एका जुन्या आंब्याच्या झाडावर तीनशेहून अधिक जाती फुलवल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वतः तयार केलेल्या एका जातीला त्यांनी सचिन तेंडुलकरचे नाव दिले आहे, हे ठाणे-मुंबईच्या वाचकांना विशेष आवडेल. तीनशे नको, घरामागच्या एका रायवळ झाडावर पायरी, केसर आणि रत्ना अशा तीन फांद्या जरी जगल्या, तरी हंगाम काही आठवड्यांनी लांबतो.

मिर्झा गालिब आंब्याचे वेडे होते. आंब्याकडून त्यांच्या अपेक्षा दोनच : तो गोड असावा आणि भरपूर असावा. घरची बाग करणारा त्यात तिसरी भर घालील : तो निरनिराळा असावा.

रायवळीचे दुखणे

कलमी जातींची चिंता फारशी नाही. एक झाड गेले, तर दुसरे रोपवाटिकेतून आणता येते. खरी चिंता आहे रायवळ आंब्याची.

रायवळ म्हणजे कोयीपासून उगवलेले झाड. आपल्याकडच्या आंब्यांच्या कोयीतून आईसारखेच झाड येईल, याची खात्री नसते. जमिनीत पडलेली प्रत्येक कोय म्हणजे नवी सोडत. म्हणून प्रत्येक रायवळ झाड ही स्वतःच एक जात असते. कोणाचा आंबा लिंबाएवढा आणि नुसता रसाचा, कोणाचा तंतूचा पण सुगंधी, कोणाचा लोणच्यासाठी अव्वल, कोणाचा चोखून खायचा. गावात त्यांना नावेही घरगुतीच असतात : शेपू आंबा, खोबऱ्या आंबा, साखऱ्या, गोटी. फणसाचेही असेच आहे. कापा की बरका, हे ढोबळ भेद झाले. पण त्यातही बीपासून वाढलेले प्रत्येक झाड वेगळे.

आज शिळफाट्याचे नाव देशभर पोहोचले आहे ते वेगळ्या कारणाने. वांद्रे-कुर्ला संकुलातून ठाणे खाडीखालून येणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा इथे बाहेर पडतो. कल्याण-शीळ रस्ता रुंद झाला आहे आणि त्याच पट्ट्यात कल्याण-तळोजा मेट्रोचे खांब उभे राहत आहेत. रस्ते, मेट्रो हवेतच. रोज दोन तास कोंडीत काढणाऱ्याला ते विचारून पाहावे. झाडे तोडण्याला परवानगी लागते आणि बदली झाडे लावण्याची अटही असते. पण बदली म्हणून लावलेले झाड त्या जातीचे नसते. शंभर वर्षांची रायवळ गेली आणि तिच्या बदल्यात दहा गुलमोहर लावले, तर सावली कधीतरी परत येईल. ती चव परत येणार नाही. ती जगात एकाच ठिकाणी होती.

तोडणाऱ्यांपेक्षा घरच्यांची चूक इथे मोठी असते. झाडाला मार्किंगचा रंग लागल्यावर घर हळहळते. त्याआधीची वीस वर्षे कोणाला काडी काढावीशी वाटलेली नसते.

उपाय साधा आहे आणि स्वस्तही. कोय कलमाची पद्धत कोकणात आता घरोघरी माहीत आहे. जून-जुलैत कोयी रुजत घालायच्या. पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोवळ्या पानांचे रोप वर येते. जपायच्या झाडाची तीन-चार महिन्यांची, रोपाच्या जाडीची काडी निवडायची. काढण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने कापून ठेवायची, म्हणजे डोळा फुगतो. रोप वितीच्या आत कापून त्यात चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटला, तर जात वाचली. दहातली चार जगली तरी पुरे. दोन आपल्या घरी, दोन दुसऱ्याच्या. दुसऱ्याच्या घरची दोन महत्त्वाची, कारण कोणाच्या अंगणावर कधी रेघ ओढली जाईल, सांगता येत नाही.

मात्र कापलेली काडी ओल्या फडक्यात गुंडाळूनही काही दिवसच टिकते आणि कलमाला दमट हवा लागते. एप्रिलमध्ये तोडलेल्या झाडासाठी जुलैची वाट पाहता येत नाही. काडी घ्यायची तर झाड सुखरूप असतानाच्या पावसाळ्यात.

जात कशी हरवते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. माझगावच्या आंब्याची कीर्ती मोगल काळापर्यंत मागे नेली जाते. १८०९ मध्ये मुंबईला आलेल्या मारिया ग्रॅहम यांनी आपल्या रोजनिशीत लिहिले आहे, की या आंब्याच्या मूळ झाडावर हंगामात शिपायांचा पहारा असे आणि शाहजहानच्या काळात तो दिल्लीला पोहोचवण्यासाठी वाटेवर जासूद नेमलेले असत. त्याआधी, सोळाव्या शतकात, मुंबई बेट ज्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते ते पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी इथल्या आपल्या एका आंब्याबद्दल लिहून ठेवले, की तो वर्षातून दोनदा फळतो. आज माझगावात गोदी आहे, इमारती आहेत. शिपायांचा पहारा झाडाला मिळाला, पण झाड टिकवायला पहारा पुरत नाही. कलमे दहा घरी पोहोचावी लागतात.

पाखरांचा वाटा

घरच्या बागेतले सगळे फळ घरच्यांच्या तोंडी कधीच लागत नाही. रोज्याच्या दुपारी घर सुस्तावलेले असते, तेव्हा पोपट पेरूवर असतात, खारी चिकूवर आणि कुंपणाबाहेरची पोरे कैरीवर. वडीलधारी मंडळी त्यांना फारसे हुसकत नाहीत. हदीसमध्ये आले आहे, की कोणी झाड लावले आणि त्याचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले, तर ते लावणाऱ्याच्या नावे दान म्हणून जमा होते. कोकणातल्या हिंदू घरांतही शेंड्यावरची चार फळे पाखरांसाठी ठेवण्याची रीत आहेच. शब्द वेगळे, झाडावर सोडलेली फळे तीच.

यंदाच्या पावसाळ्यात बांधलेले आंब्याचे कलम चार-पाच वर्षांनी धरू लागेल. तेव्हा रमजान डिसेंबरात असेल आणि आंबा इफ्तारला नसेल. त्यानंतर रमजान नोव्हेंबर, सप्टेंबर, जुलै असा मागे मागे येत राहील. ऐन मेमध्ये, पिकल्या आंब्यांच्या दिवसांत, तो पुन्हा पोहोचेल २०५० नंतर. तोवर आज काडी कापणारे हात बहुधा नसतील. झाड मात्र भर वयात असेल.

म्हणून या कामाला रमजानसारखा मुहूर्त नाही. संध्याकाळी शेजारच्या घरी इफ्तारची थाळी झाकून पाठवली जातेच. यंदा परसातल्या जुन्या रायवळीखाली उभे राहून शेजाऱ्याला एवढेच विचारून ठेवावे : पाऊस पडला की हिची दोन कलमे तुमच्याकडे लावाल का?